फ्लेक्सवरचा पाणबुड्या

कळंबा रोडच्या चौकात महांतेशचा फ्लेक्स लागला आणि त्या दिवसापासून महांतेशनं चौकातनं जायचं सोडलं. दुकानाला जायचा सरळ रस्ता तोच. पण हा गडी मागच्या गल्लीतनं, गटार ओलांडून, कुणाच्या तरी गोठ्याला वळसा घालून जायला लागला. लोकांना वाटलं, माणूस लाजतोय. लाजतच होता की! पण लोकांना वाटत होतं तसलं ते लाजणं नव्हतं.

फ्लेक्स असा, की लांबनं बघणाऱ्याची मान अवघडावी. निळंशार पाणी, त्यात नारिंगी मासे, एक कासव, कोपऱ्यात उगाचच एक शार्क. मधोमध पाठीवर हवेची टाकी बांधलेला, डोळ्यांवर काच आणि तोंडात नळी असलेला, छातीवर हात ठेवलेला, काळ्या रबरी पोशाखातला माणूस. त्याच्या शेजारी महांतेशचा फेट्यातला हसरा फोटो, मेहुण्याच्या लग्नातला. वर अक्षरं, 'नाद खुळा! अंदमानच्या समुद्राचा तळ गाठणारा कोल्हापूरचा ढाण्या वाघ!' आणि खाली, 'शुभेच्छुक: बुडबुडा ग्रुप, कळंबा'. त्याच्याही खाली गोल गोल चौकटीत सगळ्या ग्रुपची तोंडं. वाघ समुद्रात काय करतो, असलं काही आपल्याकडं विचारायचं नसतं.

गोम एवढीच, की त्या काळ्या पोशाखातला माणूस महांतेश नव्हताच. ती त्याची बायको होती, सौंदर्या.

आता हे असं कसं झालं, ते पहिल्यापासनं ऐका.

बुडबुडा ग्रुप म्हणजे कळंब्याच्या अलीकडं एका मळ्यातल्या विहिरीवर रोज सकाळी पोहणाऱ्यांचं टोळकं. वकील, दूधवाला, हेडमास्तर, फ्लेक्स छापणारा अतुल, सगळे एका चड्डीवर सारखे. ह्या सगळ्यांत महांतेशचा मान मोठा. शाहूपुरीत त्याचं भांड्यांचं दुकान. तिथं त्याला कोण फारसं विचारायचं नाही, पण विहिरीवर तो राजा. काठावरनं सूर मारायचा, थेट तळाला जायचा, आणि गाळाची मूठ भरून वर यायचा. तो खाली असताना वरची मंडळी आपापला श्वास रोखून धरायची आणि एकेकाचा फस्सकन सुटायचा. महांतेशचा सुटायचा नाही. कुणाची बादली पडली, पंपाचा पाइप निसटला, एकदा तर हेडमास्तरांची कवळी बुडाली, की बोलवा महांतेशला. 'दमाचा गडी' हे त्याचं नाव. दम धरणं हीच त्याची सगळी इस्टेट, म्हणा ना.

सौंदर्या मात्र पाण्यात कधी उतरलेली नव्हती. गडहिंग्लजच्या पलीकडं, पार कर्नाटकाच्या शिवेला तिचं माहेर. घरच्या मळ्यात विहीर, पण पोरींनी काठाला जायचं नाही, असा दंडक. पाण्याला ती भ्यायची असंही नव्हतं. तिला आजवर कुणी 'उतर' म्हणालंच नव्हतं.

लग्नाच्या वाढदिवसाला दोघं अंदमानला निघाली, तेव्हा महांतेशनं विहिरीवर छाती फुगवून सांगितलं, "आजवर विहिरीचा गाळ आणला. आता समुद्राचा आणतो मूठभर." अतुल म्हणाला, "भावा, तू फकस्त व्हिडिओ पाठव. पुढचं माझ्यावर सोड." आणि तिथंच सगळं शिजलं, म्हणायला हरकत नाही.

बेट अगदी चिमुकलं. एकच रस्ता, दोन्हीकडं माडपोफळी, आणि रस्ता संपला की काचेसारखं पाणी. पहिल्या दिवशी स्नॉर्कलिंग झालं. म्हणजे डोळ्यांवर काच लावायची, तोंडात वाकडी नळी धरायची आणि पाण्यावर पालथं पडून खालचे मासे बघायचे. महांतेशनं नळी काढून फेकली, दम धरून बुडी मारली आणि शंख घेऊन वर आला. काठावरच्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. सौंदर्यानं फोटो काढले. गडी खूश.

दुसऱ्या दिवशी स्कूबा. ट्रेनर शांत माणूस. सौंदर्या काठावरनं मोबाइलवर शूटिंग करायला लागली. ट्रेनरनं आधी महांतेशला कमरेएवढ्या पाण्यात उभं केलं, टाकी बांधली, तोंडात नळी दिली आणि म्हणाला, "सर, एक ही रूल है. सांस कभी रोकना नहीं. मुँह से लेते रहो, छोड़ते रहो. रोकना मना है."

आणि इथंच घात झाला. अहो, ज्या माणसाची उभी हयात श्वास रोखण्यात गेली, त्याला सांगताय रोखू नको! महांतेशचं डोकं पाण्याखाली गेलं रे गेलं, की छातीला आपोआप कुलूप. ट्रेनर खूण करतोय, घ्या श्वास, घ्या. महांतेशला कळतंय सगळं, पण छाती ऐकेना. शेवटी दम संपला, त्यानं तोंडानं ओढलं, नळीतनं सूं करून हवा आली, आणि त्याला वाटलं पाणीच आलं. उसळी मारून वर. पुन्हा खाली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर त्यानं ट्रेनरच्या गळ्याला मिठी मारली, त्याची काच ओरबाडली, लाथा झाडल्या आणि "अव्वा! अव्वा गं!" म्हणून आईच्या नावानं असा टाहो फोडला, की काठावरची कुत्री उठून उभी राहिली.

शेजारीच पुण्याचं एक कुटुंब होतं. त्यातल्या बाई घाबरून ओरडल्या, "काका, अहो उभे राहा! कमरेएवढंच पाणी आहे!"

महांतेश उभा राहिला. पाणी खरंच कमरेएवढं होतं. नाकातनं शेंबूड, डोळ्यांतनं पाणी, आणि अख्खं बेट आपल्याकडं बघतंय असं त्याला वाटलं. पुण्याच्या बाईंचा नवरा तोंड फिरवून हसत होता. त्या वाक्याचा चटका आजही त्याच्या कानाला बसतो. विहिरीवर कुणी त्याला नुसतं 'महांत्या' म्हणालं तरी त्याला ऐकू येतं, कमरेएवढंच पाणी आहे.

"मला न्हाय करायचं," तो म्हणाला. "माझं डोकं दुखतंय." आणि टॉवेल घेऊन नारळाखाली जाऊन बसला.

ट्रेनरनं सौंदर्याकडं बघितलं. "मॅडम, आप आइए?"

महांतेशला वाटलं, ही नाही म्हणणार. ती नाही म्हणाली असती तर सगळंच निभावलं असतं. पण सौंदर्यानं हातातल्या बांगड्या उतरवल्या, गळ्यातलं मंगळसूत्र काढलं, सगळं नवऱ्याच्या तळहातावर ठेवलं. गळ्यात राहिलं ते फक्त लिंग. त्यांच्या लिंगायतांत सगळ्यांच्या गळ्यात चांदीच्या डबीत शिवाचं लिंग असतं, लहानपणापासनं. महांतेशच्याही होतं पूर्वी; पोहताना दोरा तुटतो म्हणून त्यानं ते कधीचंच देव्हाऱ्यात ठेवून दिलेलं. ट्रेनरनं डबीकडं बोट केलं, तशी ती म्हणाली, "ये नहीं निकालती. ये अंदर रहेगा." त्यानंही मान डोलावून पोशाखाची चेन वर ओढली.

पुढं तिनं काय केलं? काही नाही. सांगितलं ते केलं. घे म्हणाला, घेतला श्वास. सोड म्हणाला, सोडला. तिला मोडायची अशी कुठली सवयच नव्हती. ट्रेनरनं तिचा हात धरला, आणि बघता बघता दोघं दिसेनाशी झाली. पाण्यावर नुसते बुडबुडे.

आणि बुडबुडा ग्रुपचा राजा काठावर बांगड्या मुठीत धरून उभा. किती वेळ उभा होता, त्याचं त्याला ठाऊक. ती बुडाली तर, ही भीती त्याला वाटली, ते खरं. पण तिच्या आत आणखी एक होती. ती नीट वर आली तर, ही. ती दुसरी भीती त्याची त्याला कळली, आणि त्याला स्वतःची किळस आली.

ती वर आली. कपाळावर काचेचे वळ, केस चिकटलेले, हसतही होती आणि रडतही होती. "अहो!" तिनं त्याचा दंड धरला. "अहो, खाली की नाही..."

"चल," महांतेश म्हणाला. "उशीर झालाय. जेवायचं मिळायचं न्हाय."

तिनं दंड सोडला. बांगड्या घातल्या. त्यानंतर तिनं ते वाक्य पुरं केलं नाही आणि त्यानंही कधी विचारलं नाही.

संध्याकाळी हॉटेलावर ट्रेनरनं व्हिडिओ पाठवला. खालच्या पाण्यातला, वर हिंदी गाण्याची धून चिकटवलेली. काळा पोशाख, काच, नळी. आत कोण आहे ते ब्रह्मदेवालाही ओळखायचं नाही. अन् तिकडं ग्रुपवर मेसेजवर मेसेज. 'काय झालं लगा?' 'गेलास का खाली?' 'का पाणी बघून पळालास?' ते शेवटचं वाचलं आणि महांतेशनं व्हिडिओ ग्रुपवर टाकला. वर एक अक्षर लिहिलं नाही. खोटं बोललो न्हाय मी, असं तो मनाशी म्हणाला. मी काय बोललोच न्हाय.

मिनिटात जाळ अन् धूर संगटच! 'वाघ रे वाघ!' 'काटा किर्रर!' त्या व्हिडिओत एका जागी तो माणूस तळाजवळ थांबतो आणि छातीवर हात ठेवतो. ते बघून अतुलनं लिहिलं, 'भावा, समुद्राच्या तळाला जाऊन छातीवर हात! देशासाठी! अंगावर काटा आला.' महांतेशनं त्याला हात जोडल्याची खूण पाठवली. ती खूण हेच त्याचं खोटं बोलणं. त्याला पाठवतानाच ते कळत होतं.

परतीच्या विमानात त्यानं खिडकीबाहेर बघत सौंदर्याला सांगितलं, "ग्रुपात जरा गैरसमज झालाय. तू कुणाला काय बोलू नकोस. चार दिवस जाऊ देत, मग मी सांगतो."

"बरं," ती म्हणाली.

बरं म्हणाली, आणि पाळलंही. भिशीच्या बायका जमल्या. अतुलची बायको क्रांती, तिनं पहिला प्रश्न तोच केला, "वहिनी, तुम्ही काय केलासा हो तिथं?" महांतेश आतल्या खोलीत होता. त्याला सौंदर्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला. "मी काय करणार? ह्यांच्या चपला राखत काठावर बसल्ते." बायका हसल्या. महांतेश कॉटवर बसला होता, तो तसाच बसून राहिला. बाहेर जाऊन एक वाक्य बोलायला काय लागतं? पण नाही गेला. चहा सुद्धा आतच मागवून घेतला.

अतुल पुढं घरी आला आणि त्यानं मोबाइलवरनं व्हिडिओ टीव्हीवर लावला, म्हातारीला दाखवायला. महांतेशची आई रत्नव्वा सोफ्यावर पाय घेऊन बसली. मासे आले, कासव आलं. रत्नव्वा म्हणाली, "किती गप् हाय ह्यो गडी. आमचा मांता पाण्यात पडला की रेड्यागत धिंगाणा घालतोय." अतुल खो-खो हसला. मग तो छातीवर हात ठेवायचा प्रसंग आला. रत्नव्वानं डोळे बारीक केले. तिचा स्वतःचा हात आपसूक स्वतःच्या गळ्यातल्या डबीकडं गेला. तिनं लेकाच्या गळ्याकडं बघितलं. गळा मोकळा. मग चहा घेऊन आलेल्या सुनेकडं बघितलं.

"छान हाय," म्हणाली. "बंद करा आता." दुसऱ्या दिवसापासनं ती लेकाशी कामापुरतं बोलायला लागली.

अन् त्यातच हा फ्लेक्स, आणि फ्लेक्सच्या पाठोपाठ सत्कार. महांतेशनं अतुलला परोपरीनं सांगितलं, नको. "सत्कार कशाला लगा? काय मोठं केलंय मी?" अतुलला वाटलं, किती साधा माणूस! त्यानं आणखी खुर्च्या सांगितल्या.

रविवारी सकाळी विहिरीशेजारच्या मोकळ्या जागेत मांडव. कढईत मिसळीचा कट उकळतोय, पाव येऊन पडलेत, भाड्यानं आणलेला मोठा टीव्ही टेबलावर. महांतेशला फेटा बांधला. सौंदर्याला शेजारच्या खुर्चीत बसवलं, हिरवी इरकल नेसलेली. रत्नव्वा गुडघ्याचं निमित्त काढून घरीच राहिली. व्हिडिओ लागला, टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. छातीवर हात आला तेव्हा हेडमास्तर चक्क उभे राहिले, आणि त्यांना बघून बाकीचेही. सौंदर्या तेवढी बसून होती. अतुल म्हणाला, "वहिनी, उभं राहा की!" मग तीही उभी राहिली. स्वतःलाच मान द्यायला. महांतेशला फेट्याखाली घाम सुटला.

अतुलनं माइक घेतला. "आता आमचा वाघ दोन शब्द बोलेल. त्याच्या आधी कुणाला काय विचारायचं असंल तर विचारा."

क्रांती उठली. बाईनं मनाशी बरेच दिवस धरून ठेवलेलं असावं, कारण उभी राहिल्याबरोबर तिचा चेहरा लाल झाला. "भावजी, आम्ही बी जाणार हाय तिकडं पुढच्या साली. मला पोहायला येत न्हाय. पण तुमचा व्हिडिओ बघून लई वाटतंय हो, एकदा तरी खाली जावं. मला जमंल का?"

सगळे महांतेशकडं बघायला लागले. उत्तर त्याच्या शेजारी बसलेलं होतं, हिरव्या इरकलीत. जमेल म्हणावं, तर पुढचा प्रश्न येणार, तुम्हाला कसं ठाऊक, तुम्ही तर पोहणारे. आणि पोहायला येत नसताना जमतं म्हटल्यावर त्याच्या दमाची काय किंमत? हे सगळं त्याच्या डोक्यात क्षणात फिरलं, आणि तोंडातनं निघून गेलं, "न्हाय हो वहिनी. पोहायला येत न्हाय त्यांचं काम न्हवं ते. दम लागतोय त्याला. दम!"

क्रांती खाली बसायला लागली. तेवढ्यात सौंदर्या बोलली. माइक नव्हता, तरी पहिल्या दोन ओळींना ऐकू गेलं. "जमतंय की. पोहायचं काय काम न्हाय. श्वास तेवढा रोखायचा न्हाय. घ्यायचा आणि सोडायचा. खाली गेल्यावर कडकड कडकड आवाज येतोय, फुटाणे भाजल्यागत. त्याला भ्यायचं न्हाय."

आणि मग मांडव हसला. वाईट मनानं नव्हे. आपल्या माणसाला हसतात तसा. वकील ओरडला, "वहिनी, चपला राखता राखता बरंच कळालंय की तुम्हाला!" अतुल माइकवर म्हणाला, "काठावरनं आवाज बी ऐकला! वहिनींचे कान लई तिखट!" हास्याची दुसरी लाट उठली. क्रांतीसुद्धा हसली. आणि खरं सांगायचं तर, सवयीनं म्हणा, भीतीनं म्हणा, महांतेशचेही दात दिसले.

सौंदर्यानं ते दात बघितले. तिनं पदर सारखा केला आणि मांडीवरच्या हातांकडं बघत बसली. बांगड्या नीट रांगेला लावल्या, एक एक करून.

महांतेशनं माइक ओढून घेतला. आता मात्र त्याला राहवेना. "ऐका," तो म्हणाला. "ऐका, हसू नका. त्या व्हिडिओत मी न्हाय. ही हाय. खाली ही गेलती. ते छातीवर हात ठेवते ती, गळ्यातलं लिंग चाचपते. देशबिश काय न्हाय. हीच हाय ती."

अतुल एकदा त्याच्याकडं, एकदा सौंदर्याकडं बघत राहिला. "आणि मग तू?" त्यानं विचारलं. "तू काय करत हुतास?"

एवढाच प्रश्न होता. त्याचं उत्तर अगदी सोपं होतं. मी भ्यालतो. कमरेएवढ्या पाण्यात आईच्या नावानं बोंबललो. महांतेशनं तोंड उघडलं. समोर हेडमास्तर, ज्यांची कवळी त्यानं काढून दिलेली. वकील, दूधवाला, रोज सकाळी काठावर त्याच्या गाळाची वाट बघणारे सगळे. आणि त्याच्या छातीला पुन्हा कुलूप बसलं.

"मी," तो म्हणाला, "मी काठावर. हिच्या बांगड्या राखत."

असा काही हशा पिकला, म्हणता! हेडमास्तरांनी मांडीवर थाप मारली. अतुलनं धावत येऊन त्याला मिठी मारली आणि माइकवर गरजला, "बघितलासा का? बायकोला हसलेलं सोसलं न्हाय गड्याला! सगळं श्रेय वहिनींच्या पदरात! चपला तिनं राखल्या, तर ह्यो म्हणतोय मी बांगड्या राखल्या! ह्याला म्हणत्यात दिलदार! वाजवा!" टाळ्यांचा नुसता पाऊस. बायका डोळे पुसायला लागल्या. क्रांती नवऱ्याला म्हणाली, "शिका जरा."

"अरं खरं सांगतोय मी!" महांतेश ओरडला. ते त्या टाळ्यांत कुणाला ऐकू गेलं नाही. त्यानं सौंदर्याकडं बघितलं, तू तरी सांग म्हणून. ती त्याच्याकडंच बघत होती.

"आता कशाला?" ती म्हणाली, त्याला ऐकू जाईल इतक्याच आवाजात.

मग मिसळ झाली. त्यानं खाल्ली सुद्धा. लोक पाठीवर थापा मारत होते आणि प्रत्येक थापेसरशी तो आतनं एक पायरी खाली जात होता.

दुपारी घरी आल्यावर त्यानं फेटा काढून कोपऱ्यात टाकला. सौंदर्या स्वयंपाकघरात जोंधळ्याचं पीठ चाळत होती. तो दारात उभा राहिला.

"सौंदर्या, तू त्या दिवशी काठावरनं शूटिंग करत हुतीस. मी ट्रेनरच्या गळ्यात पडलो तवा. ते दे मला."

"कशाला?"

"ग्रुपवर टाकतो. ते बघितल्यावर कुणाला शंका राहायची न्हाय. सगळ्यांना कळू दे."

"तोंड हाय की तुम्हाला," ती म्हणाली. "अतुल भावजींनी इचारलं नव्हं, तू काय करत हुतास म्हणून? तवा का न्हाय सांगितलं भ्यालतो म्हणून? भ्यायला काय चोरी हाय? मी बी भ्यालते."

त्याला हे ठाऊक नव्हतं. तीही भ्यायली होती, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. "जमलं न्हाय मला," तो म्हणाला. "तोंडातनं येईना. म्हणून तर मागतोय. दे ते."

सौंदर्यानं चाळण खाली ठेवली. "न्हाय माझ्याकडं. मी तवाच पुसलं. तुम्ही टॉवेल घेऊन नारळाखाली बसलासा न्हाय का, खाली मान घालून? तवाच. म्हटलं, चुकून कुणाच्या हाताला मोबाइल लागला, तर माझ्या माणसाला हसतील."

महांतेश दाराच्या चौकटीला टेकला. तिनं त्याची लाज पाण्यात उतरायच्या आधी झाकली होती. आणि त्यानं तिची शाबासकी कोरडी व्हायच्या आधी चोरली होती. त्याला तिथं, त्या स्वयंपाकघरात, जोंधळ्याच्या पिठाच्या वासात, रडू फुटलं. मोठा आवाज नाही काढला. आई पलीकडच्या खोलीत होती.

"मला सांग तरी," तो म्हणाला. "खाली काय काय हुतं?"

सौंदर्यानं पुन्हा चाळण उचलली. "पहिल्यांदा डोळं मिटलं की दिसायचं सगळं," ती म्हणाली. "मासं, ते पिवळं झाड, सगळं. आता डोळं मिटलं की त्यो फ्लेक्स दिसतोय. तुमच्या फेट्याचा." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. अतुलचा मेसेज. 'भावा, आजचं तुझं बोलणं काळजाला भिडलं. नवीन फ्लेक्स करतोय, पत्नीला श्रेय देणारा दिलदार वाघ! वहिनींचा एक फोटो पाठव अंदमानातला. खाली कोपऱ्यात गोल करून टाकतो.'

महांतेश बाहेरच्या खोलीत येऊन बसला. त्यानं लिहायला घेतलं, 'फोटो देतो, पण कोपऱ्यात न्हाय, मधी टाक. आणि माझा काढ.' ते तसंच ठेवून तो फोटो शोधायला लागला. विमानात महांतेश. नावेत महांतेश. माडाला टेकून महांतेश, शंख घेऊन महांतेश, शहाळं पिताना महांतेश. सगळे तिनं काढलेले. त्यानं पहिल्यापासनं पुन्हा बघितले. कुठं तिची सावली होती वाळूत, कुठं भिंगापुढं आलेलं तिचं बोट. तिचा म्हणावा असा अख्ख्या सहलीत एकच होता, डोळ्यांवर काच, तोंडात नळी, छातीवर हात. आणि तो तर चौकात लागलेला होता, त्याच्या नावानं.